आयएनएफपी : अंतर्मुख, आदर्शवादी स्वभावाचा माणूस

आयएनएफपी हा मायर्स-ब्रिग्ज या प्रश्नावलीवरून स्वभाव ओळखण्याच्या पद्धतीतल्या 16 व्यक्तिमत्त्व प्रकारांपैकी एक. आपल्याकडे अशा माणसाला अबोल, भिडस्त, हळवा, सदा आपल्याच तंद्रीत असलेला असं काहीबाही म्हटलं जातं, त्यात खोटं काही नाही पण चित्र अर्धंच राहतं, कारण हळवेपणा वरून लगेच दिसतो आणि आतला हट्ट दिसत नाही. इंटरनेटवरच्या फुकट टेस्ट याला 'मीडिएटर' म्हणतात, डेव्हिड किर्सी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 'हीलर' म्हणजे जखम भरून काढणारा असं नाव दिलं. अमेरिकेत घेतलेल्या एका मोठ्या नमुन्यात हे लोक साधारण 4 टक्के निघाले होते, म्हणजे तसे कमीच, पण ऑनलाइन ग्रुपात बघाल तर दर दुसरा माणूस आयएनएफपी. साहजिकच आहे, स्वतःबद्दल विचार करत बसायची हौस ज्यांना जास्त तेच असल्या टेस्ट देत बसणार.

कुठून आलं हे

मूळ कल्पना कार्ल युंग या स्विस मनोविकारतज्ज्ञाची, त्याचं प्रकारांवरचं पुस्तक 1921 साली जर्मनमध्ये आलं. त्यावरून अमेरिकेत कॅथरिन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इसाबेल मायर्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नावली बनवायला घेतली, लोकांना आपापल्या स्वभावाला जुळणारं काम मिळावं असा हेतू होता. गंमत म्हणजे इसाबेलकडे मानसशास्त्राची पदवीच नव्हती, ती राज्यशास्त्र शिकलेली, त्याआधी रहस्यकथा लिहून बक्षीस मिळवलेली बाई. चाचण्या कशा बनवतात आणि आकडेमोड कशी करतात हे ती फिलाडेल्फियातल्या एका बँकेच्या कर्मचारी विभागाच्या प्रमुखाकडून, एडवर्ड हे यांच्याकडून शिकली, मग 5 हजारांहून जास्त मेडिकलच्या विद्यार्थ्यांना ही प्रश्नावली दिली आणि पुढे आयुष्यभर, म्हणजे 1980 मध्ये जाईपर्यंत, तेच काम करत राहिली. विद्यापीठातल्या लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही तरी तिने सोडलं नाही. ती स्वतः आयएनएफपी होती आणि या प्रकाराचा नमुना म्हणून तिच्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही.

चार अक्षरं आणि खरा गाभा

आय म्हणजे अंतर्मुख, ऊर्जा एकटेपणात भरून निघते. एन म्हणजे समोरच्या तपशिलापेक्षा त्यामागचा अर्थ आणि शक्यता आधी दिसणं. एफ म्हणजे निर्णय घेताना माणसं आणि मूल्यं पुढे, पी म्हणजे गोष्टी शेवटपर्यंत मोकळ्या ठेवण्याची ओढ. इथपर्यंत सगळे वाचतात आणि थांबतात, पण मुख्य भाग पुढे आहे. या पद्धतीत प्रत्येकाच्या मनाची एक क्रिया मुख्य असते आणि दुसरी तिच्या मदतीला. आयएनएफपीमध्ये मुख्य क्रिया भावनेची, आणि ती आत वळलेली. इथे भावना म्हणजे रडूबाई असणं नव्हे, हे मला पटतं का, माझ्या मनाला हे खरं वाटतं का, याची आत सतत चाललेली तपासणी. बाहेर दिसते ती दुसरी क्रिया, कल्पना सुचत राहण्याची. मायर्स बाईंनी यासाठी सेनापतीची उपमा दिली होती: बहिर्मुख माणसात सेनापती स्वतः बाहेर येऊन भेटतो, अंतर्मुखात तो तंबूत बसतो आणि आपल्याला त्याचा मदतनीसच भेटतो.

हे एकदा लक्षात आलं की पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. वर्षानुवर्षं 'तुम्ही म्हणाल तसं', 'मला काहीही चालेल' म्हणणारा, हॉटेलात मेन्यू दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस एके दिवशी एखाद्या अगदी बारीक वाटणाऱ्या गोष्टीवर अडून बसतो, उदाहरणार्थ कस्टमरला पाठवायच्या रिपोर्टमध्ये एक आकडा जरा बरा करून लिही एवढंच सांगितलेलं असतं, आणि हा नाही म्हणतो, कारण नीट सांगत नाही, आवाजही चढवत नाही, फक्त करत नाही. मॅनेजरला वाटतं याला अचानक काय झालं. झालेलं काहीच नसतं, इतके दिवस विचारलेल्या कुठल्याच गोष्टीचा आतल्या मूल्यांशी संबंध आला नव्हता, आज आला.

लाजाळूपणा आणि हे एक नाही, तेही सांगायला हवं. लाजाळू माणसाला लोक काय म्हणतील याची धास्ती असते, अंतर्मुख माणसाला नुसता कंटाळा किंवा थकवा येऊ शकतो. दोन्ही एकत्र असूही शकतात.

कामाच्या ठिकाणी

समुपदेशन, लेखन, शिकवणं, विशेष मुलांसोबतचं काम, सामाजिक संस्था, डिझाइन अशी यादी ठरलेली आहे आणि ती ढोबळ अर्थाने बरोबर, पण लोक तिच्यातून नको तो निष्कर्ष काढतात. हा प्रकार ओढ कुठे आहे ते सांगतो, कुवत किती ते सांगत नाही. दहावीनंतर मुलांना देतात त्या अॅप्टिट्यूड टेस्टसारखं हे नाही, त्यामुळे अमुक प्रकार आला म्हणून मुलाला इंजिनिअरिंगला घालू नका वगैरे सल्ला देणाऱ्यांपासून लांब राहिलेलं बरं. अकाउंट्समध्ये रमलेले आयएनएफपीही असतात, त्या कामाचा त्यांच्या लेखी काही अर्थ असला म्हणजे झालं.

अडचण येते ती अप्रेझलला. सेल्फ रेटिंगच्या रकान्यात हा माणूस स्वतःला 3 देतो, शेजारचा बिनदिक्कत 5 टाकून मोकळा होतो, आणि वर्षभर अडलेल्या नव्या पोरांना याने जे शिकवलं त्यासाठी फॉर्मवर रकानाच नसतो. मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही आणि रात्री अकराला चार परिच्छेदांचं मेल पाठवतो, ज्यात नेमकी तीच गोष्ट असते जी सकाळी सगळ्यांना हवी होती. डेडलाइन शेवटच्या दिवसावर जाते, आळस म्हणून नाही, मनातल्यासारखं उतरत नाही म्हणून (समोरच्याला फरक काय पडतो म्हणा). फार ताण आला की उलटच रूप दिसतं: एरवी मऊ बोलणारा माणूस तिरसट होतो, याद्या करत सुटतो, दुसऱ्यांच्या चुका काढतो, मला काहीच जमत नाही म्हणून स्वतःवरही घसरतो. पद्धतीतले लोक याला सर्वात कच्च्या क्रियेच्या कब्जात जाणं म्हणतात, या प्रकारात ती क्रिया म्हणजे बाहेरच्या जगातली तर्काने चालणारी व्यवस्था लावणं.

कितपत विश्वास ठेवायचा

बेताचाच. लोक अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन गटांत पडत नाहीत, बहुतेक जण मधे कुठेतरी असतात, आणि टेस्ट मात्र मधे रेघ ओढून एक अक्षर देऊन टाकते. म्हणून पाच आठवड्यांनी परत दिली की जवळपास निम्म्या लोकांचं एखादं तरी अक्षर बदललेलं काही अभ्यासांत दिसलंय. शिवाय 1948 साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने 39 विद्यार्थ्यांना एकच वर्णन, तेही ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेल्या वाक्यांचं, 'खास तुमचं' म्हणून वाटलं तर त्यांनी अचूकतेला 5 पैकी सरासरी 4.26 गुण दिले होते. आयएनएफपीची वर्णनं वाचताना 'अगदी मीच' वाटतं त्यात याचा वाटा किती, हे ज्याने त्याने बघावं.

मॅक्रे आणि कोस्टा या मानसशास्त्रज्ञांनी 1989 मध्ये दाखवलं की ही चार अक्षरं संशोधनात मान्य असलेल्या बिग फाइव्हमधल्या, म्हणजे स्वभाव पाच गुणांत मोजणाऱ्या मांडणीतल्या, चार गुणांशी बरीच जुळतात, पाचवा मात्र राहतोच, तो म्हणजे चिंता आणि मनाची अस्थिरता. आता मीम्स बघा. आयएनएफपी म्हणजे रात्रभर कुढणारा, मेसेजला उत्तर आलं नाही की खचणारा, असंच सगळीकडे दाखवतात, आणि मूळ टेस्ट नेमकी हीच गोष्ट मोजत नाही. ('मीडिएटर' म्हणणाऱ्या फुकटवाल्या साइटने पुढे एक पाचवं अक्षर जोडलंय ते याचसाठी.) तेव्हा कुणी सतत कुढत असेल, झोप उडाली असेल तर 'मी असाच आहे' म्हणून सोडून न देता डॉक्टर किंवा समुपदेशकाला गाठावं, तो प्रकाराचा भाग नाही.

नोकरीत माणसं निवडायला ही टेस्ट वापरू नका असं खुद्द प्रकाशक सांगतात. टीममधल्यांना एकमेकांचा स्वभाव समजावा एवढ्यापुरती ती ठीक आहे, आणि तिथेही बदल साधेच करायचे असतात: चूक दाखवताना कामाबद्दल बोलायचं, हेतूवर शंका घ्यायची नाही, आणि सगळ्यांसमोर 'तुझं काय मत?' म्हणून अचानक पकडण्यापेक्षा मुद्दे आदल्या दिवशी पाठवायचे, म्हणजे रात्री अकराचं मेल मीटिंगच्या आधी येतं.