पार्श्वभूमी : दुकानातले बीकन आणि त्यांच्यावरचा आळ

बारकोड १९७४ साली गल्ल्यावर आला आणि मालाच्या खोक्यांवरचे रेडिओ टॅग या शतकाच्या सुरुवातीला. दोन्हींनी मोजला तो माल. गिऱ्हाईक मोजणीत आलं ते खिशातल्या फोनमुळे, आणि भांडणही तिथूनच सुरू झालं.

२०१० साली ब्लूटूथच्या ४.० आवृत्तीत अगदी कमी वीज खाणारा प्रकार आला. बटणाएवढ्या सेलवर महिनोन्‌महिने चालणारी, रेडिओ संदेश सोडणारी डबी भिंतीला चिकटवणं त्यामुळे शक्य झालं. २०१३च्या जूनमध्ये एका बड्या फोन कंपनीने अशा डब्यांसाठी स्वतःची संदेशपद्धत जाहीर केली आणि डिसेंबरात ती अमेरिकेतल्या आपल्याच दुकानांत सुरू केली. मग अशा डबीसाठी 'बीकन' हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला, आणि घोळही त्याच शब्दाने घातला.

बीकन पाळत ठेवतो, असा समज पसरला. प्रत्यक्षात ही डबी कोणाचं काही ऐकत नाही. सोळा बाइटचा ओळखक्रमांक आणि दोन छोटे आकडे ती सारखी ओरडत राहते, बस. ऐकतो तो फोन, आणि त्या आकड्याचा अर्थ 'चपलांचा विभाग' असा लावतं ते दुकानाचं ॲप. खरी चोरटी मोजणी वेगळ्याच यंत्रांची होती. वायफाय शोधताना फोन स्वतःचा पत्ता, म्हणजे यंत्राचा ओळखक्रमांक, हवेत सोडत असे, ही यंत्रं तो टिपून घेत. त्यासाठी ना ॲप लागे, ना परवानगी. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने गिऱ्हाइकांच्या तक्रारींनंतर २०१३ मध्ये ती बंद केली. राग मात्र बीकनवर निघाला. न्यूयॉर्कच्या फोनबूथांत जाहिरातींसाठी बसवलेले शेकडो बीकन २०१४ मध्ये ओरड झाल्यावर काढावे लागले. वायफाय शोधताना खोटे पत्ते वापरण्याची सोय फोनमध्ये येऊ लागली तीही त्याच वर्षी.

दुकानदार धुतल्या तांदळासारखे होते असं नाही. ॲपमध्ये नावानिशी खातं असलं, की कोण कुठल्या फळीपाशी रेंगाळलं हे बीकनच्या आधाराने त्या चोरट्या यंत्रांपेक्षा बारकाईने कळू शकतं. पण डबी आणि ॲप यांतला फरक सांगायची तसदी फार थोड्यांनी घेतली.

शिवाय 'जवळ' म्हणजे किती, हेही धड ठरत नव्हतं. अंतराचा अंदाज लहरींच्या जोरावरून काढायचा, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरातलं पाणी शोषून घेतं. नुसती पाठ फिरवली तरी अंतर वाढल्यासारखं दिसे.

ॲपशिवाय बीकनचे संदेश थेट फोनवर दाखवण्याची एका सर्च कंपनीची सोय २०१८च्या डिसेंबरात बंद झाली. फालतू सूचनांचा भडिमार वाढला, हे कारण कंपनीने स्वतःच दिलं. पुढच्या वर्षी एका फोनप्रणालीने ॲपला ब्लूटूथ वापरण्यासाठी वेगळी परवानगी सक्तीची केली.

या काळात एनएफसी (फोन किंवा कार्ड टेकवून पैसे देण्याचं तंत्र) गाजावाजा न करता पुढे गेलं. १३.५६ मेगाहर्ट्झ, पल्ला जेमतेम चार बोटं. फोनच कार्डाचं काम करू लागला. इथे फोन गिऱ्हाईक स्वतः टेकवतं, त्यामुळे कुरबुर कमी झाली.

२०२३च्या ब्लूटूथ ५.४ने फळीवरच्या इलेक्ट्रॉनिक किंमतपट्ट्यांसाठी खास व्यवस्था आणली. एकच केंद्र हजारो पट्ट्यांशी दुतर्फा बोलू शकतं. लहरी पुन्हा मालाकडे वळल्या आहेत. आताची कुरबुर आहे ती दिवसातून कितीदा भाव बदलता येईल याची.