ख्रिस्ती धर्मवाङ्मय (नाशिक परिसर)

बायबल आणि त्यावरील भाष्ये, धर्मसिद्धान्तांची मांडणी, पाळकांसाठीची पुस्तके, प्रश्नोत्तरावल्या, गीतसंग्रह, आत्मकथा असा या वाङ्मयाचा पसारा आहे. मराठीत सिद्धान्तग्रंथांपेक्षा ओवी, अभंग आणि आत्मकथन यांतच ते खरे फुलले. नाशिककडे पाहिले की हे चटकन पटते.

परंपरा जुनी आहे. गोव्यातले इंग्रज मिशनरी फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चे, तर बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनचा मराठी नवा करार (बायबलचा येशूविषयीचा उत्तरभाग) १८११ चा. पुढे मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींनी नव्या करारावर भाष्य लिहिले. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेले सोप्या मराठीतले बायबल त्यांच्या निधनानंतर केडगावच्या मुक्ती मिशनने १९२४ मध्ये प्रसिद्ध केले.

नाशिकचे शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वसवलेली ख्रिस्ती वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे शिकत. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट याने १८७३ मध्ये मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या मृत्यूनंतर आफ्रिकेत अंत्यविधीची प्रार्थना वाचली.

मराठी वाचकाला मात्र नाशिक म्हटले की कवी ना. वा. टिळक आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई आठवतात. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी येशूचे चरित्र ओव्यांत लिहायला घेतले, पण १९१९ मध्ये ते वारले तेव्हा जेमतेम साडेदहा अध्याय झाले होते. ते ‘ख्रिस्तायन’ पुरे केले लक्ष्मीबाईंनी. नाशिकजवळच्या जलालपूरच्या या बाईंचे रीतसर शिक्षण जवळजवळ नव्हते, धर्मशास्त्राचे तर नव्हतेच. तरी त्यांनी आणखी ६४ अध्याय रचले. त्या १९३६ मध्ये नाशिकला निवर्तल्या. ग्रंथ १९३८ मध्ये निघाला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथेत त्यांनी स्वतःचे धर्मांतर सांगितले आहे. तिथे वादविवाद फारसा नाही. जाती देवाने केल्या की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात आधी सुटला. बाप्तिस्मा नंतर, १९०० मध्ये. तारणाविषयीच्या (पापातून सुटकेविषयीच्या) कित्येक जाड ग्रंथांपेक्षा ही पाने अधिक बोलकी आहेत.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत टिळकांची पदे ‘उपासना संगीत’मधून आजही गायली जातात. कॅथलिकांचा नाशिक धर्मप्रांत (बिशपच्या अखत्यारीतला विभाग) १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला. त्यांच्या वाचनात १९०३ पासूनचे ‘निरोप्या’ मासिक आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ येते. या अनुवादाला २०१३ चा साहित्य अकादमी अनुवाद पुरस्कार मिळाला.