न्यू वर्ल्ड ऑर्डर (कर्टिस मेफील्ड यांचा अल्बम)

सोल आणि फंक या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीतशैलींतले गायक, गीतकार आणि गिटारवादक कर्टिस मेफील्ड (१९४२–१९९९) यांचा अखेरचा अल्बम. १९९६ साली वॉर्नर ब्रदर्सने तो प्रसिद्ध केला. शिकागोत वाढलेल्या मेफील्ड यांनी ‘द इम्प्रेशन्स’ या गटासाठी लिहिलेली गाणी १९६० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीने आपलीशी केली होती. पुढे ‘सुपर फ्लाय’ (१९७२) या चित्रपटाच्या संगीताने फंकमध्येही त्यांचे नाव झाले.

१३ ऑगस्ट १९९० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मैदानावरच्या कार्यक्रमात सोसाट्याच्या वाऱ्याने दिव्यांचा सांगाडा त्यांच्या अंगावर कोसळला. मानेखालचे शरीर लुळे पडले आणि गिटार कायमची सुटली. त्यांनी ती कुणाकडे न शिकता, पियानोच्या काळ्या पट्ट्यांच्या सुरांत लावून घेतली होती. तो बाज त्यांच्या हातांबरोबरच थांबला.

गळा मात्र शाबूत होता, पण दम पुरत नव्हता. पाठीवर निजले की गुरुत्वाकर्षणाची थोडी मदत मिळे. म्हणून स्टुडिओत उताणे पडून ते एकेक ओळ गात, मध्ये विसावा घेत, आणि मग त्या ओळी जोडून गाणे उभे राही. ऐकताना आवाज पूर्वीपेक्षा पातळ वाटतो, त्यातली माया मात्र जराही कमी झालेली नाही.

शीर्षकगीत नव्या पहाटेची आशा धरते. स्पाइक ली यांच्या ‘गेट ऑन द बस’ (१९९६) या, १९९५ च्या मिलियन मॅन मार्चवरील (कृष्णवर्णीय पुरुषांच्या वॉशिंग्टनमधील भव्य मेळाव्यावरील) चित्रपटात ते वापरले गेले. अल्बमचा खरा गाभा मात्र अटलांटाच्या ‘ऑर्गनाइज्ड नॉइज’ या संगीतनिर्मात्यांच्या गटाबरोबर केलेल्या ‘हिअर बट आय ॲम गॉन’मध्ये आहे. ‘सुपर फ्लाय’मधल्या ‘फ्रेडीज डेड’मध्ये मेफील्ड चित्रपटातल्या फ्रेडी या पात्राच्या मरणाची हळहळ बाहेरून सांगत होते, इथे वाया गेलेला माणूस स्वतः बोलतो, आपण इतके दूर कसे वाहवत गेलो म्हणून स्वतःलाच विचारतो. उपदेशाचा एक शब्द नाही, म्हणूनच ते गाणे काळजाला भिडते.

अरीथा फ्रँकलिन आणि मेव्हिस स्टेपल्स या गायिकांनी एकेका गाण्यात साथ दिली आहे. आपल्याच कृष्णवर्णीय लोकांना आपसातली फूट सोडायला सांगणारे ‘वी द पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू’ हे १९७० चे गाणेही मेफील्ड यांनी येथे पुन्हा गायले, या वेळी निजून, ओळीओळीने.