करंगळी बधिर: नस मानेत दबली की कोपरात?

करंगळीला मुंग्या येतात म्हटलं की घरातलं कुणीतरी लगेच सांगतं, "मणक्यात गॅप आला असेल, मानेचा एमआरआय काढून घे." एमआरआय निघतो, रिपोर्टात 'सी५-सी६ डिस्क बल्ज' असं काहीतरी लिहून येतं, मग गळ्यात पट्टा आणि महिनोन्महिने गोळ्या. करंगळी आहे तशीच. हे पाहून फार वाईट वाटतं, कारण सी५ आणि सी६ या मणक्यांमधली चकती सरकली तर दबते ती सी६ नस, आणि तिच्या मुंग्या अंगठ्याकडे जातात. करंगळीचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. शिवाय वय वाढलं की मान कधीच न दुखलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही अशा फुगलेल्या चकत्या सर्रास दिसतात.

करंगळीची नस मानेतून सी८ म्हणून निघते, अगदी तळाशी, मानेचा सातवा मणका आणि पाठीचा पहिला मणका यांच्या मधून. मानेत मणके सात, पण नसांच्या जोड्या आठ. पुढे खांदा आणि काखेच्या भागात या नसांचे तंतू एकमेकांत मिसळतात, नव्याने वाटले जातात, आणि त्यातून तयार झालेली अल्नर नस कोपराच्या आतल्या बाजूने हातात उतरते. त्यामुळे करंगळीची संवेदना वर मानेत अडू शकते किंवा खाली कोपरात. माझ्या मते संशयाची सुई आधी कोपराकडे वळायला हवी. मनगटात दबणाऱ्या नसेखालोखाल सर्वांत जास्त दबते ती कोपरातली हीच नस. मानेच्या नसांमध्ये मात्र सी७ आणि सी६ जास्त वेळा दबतात, सी८ त्या मानाने कमी.

दाराच्या चौकटीवर कोपर आपटलं की करंगळीपर्यंत करंट बसतो, तो याच नसेचा. कोपराच्या आतल्या बाजूला टोचणारं हाड आणि कोपराचं मागचं टोक, या दोहोंमधल्या खोबणीत ती कातडीच्या लगेच खाली असते. हलकेच चाचपलं तर बोटाखाली दोरीसारखी सरकते. कोपर दुमडलं की नस ताणली जाते आणि तिच्यावरची जागाही आवळते. म्हणून हात दुमडून उशीखाली घेऊन झोपणारे, फोन तासभर कानाला लावणारे आणि टेबलाच्या कडेवर कोपर टेकवून काम करणारे यांना हा त्रास होतो. पहाटे जाग येते ती करंगळी झोपलेली असल्याने.

आता फरक कसा ओळखायचा? सगळ्यात बोलकी खूण करंगळीत सापडत नाही, ती शेजारच्या अनामिकेत असते. डोळे मिटून बसा आणि कुणालातरी कापसाचा बोळा अनामिकेच्या दोन्ही कडांवरून फिरवायला सांगा. करंगळीकडची कड बोथट आणि मधल्या बोटाकडची कड स्वच्छ लागत असेल, तर दोष बहुधा अल्नर नसेचा, कारण ती अनामिकेचा अर्धाच भाग सांभाळते. मानेतली सी८ असा मधोमध भेद करत नाही, तिच्यात साधारणपणे अख्खं बोट बधिर लागतं. दुसरी खूण मनगटाच्या वर. अल्नर नसेचा बधिरपणा मनगटाच्या घडीपाशी संपतो. पुढच्या हाताच्या आतल्या कडेला, कोपराच्या दिशेनेही बधिर लागत असेल, तर मूळ मानेत किंवा काखेच्या वर शोधावं लागतं.

ताकदीवरूनही कळतं. अंगठा आणि तर्जनीच्या कडेमध्ये कागद धरा आणि समोरच्याला ओढू द्या. अल्नर नस अशक्त असेल तर अंगठा सरळ राहत नाही, कागद सुटू नये म्हणून त्याचं टोक वाकतं. पण अंगठा तळहातासमोर उचलणं आणि बोटं वरच्या बाजूला सरळ ताणणं या हालचालींची ताकद अल्नर नसेकडे नाही. त्या वेगळ्या नसांकडे आहेत, पण त्यांतही तंतू सी८ चे येतात. त्याही कमजोर वाटत असतील तर मान तपासायलाच हवी. मानेच्या दुखण्यात वेदना बहुतेक वेळा मान किंवा खांद्याच्या पात्याजवळून सुरू होऊन हातात उतरते, मान मागे आणि त्या बाजूला कलती केली की वाढते, आणि हात डोक्यावर ठेवला की अनेकांना बरं वाटतं. कोपराच्या दुखण्यात मान कशीही वळवा, फरक पडत नाही. मिनिटभर कोपर पूर्ण दुमडून धरलं की मात्र मुंग्या सुरू होतात.

नसांची तपासणी म्हणजे एनसीव्ही करायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात असू द्या. मानेत नस दबलेली असताना करंगळी बधिर असूनही तिच्या संवेदनेचा आलेख नॉर्मल येतो. संवेदनेच्या तंतूंच्या पेशी, दाब जिथे पडतो त्याच्या पलीकडे, हाताच्या बाजूला असतात, त्यामुळे हातातला तंतू जिवंत राहतो. "रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे मनाचे खेळ" असं कुणी म्हणालं तर ते पटवून घेऊ नका. कोपरात नसेला इजा झाली असेल तर हाच आलेख खाली जातो, किंवा कोपराच्या भागात नसेतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मंदावलेला दिसतो.

बाकी कारणं थोडक्यात. लांब पल्ल्याची सायकल चालवणाऱ्यांची हीच अल्नर नस मनगटाच्या तळाशी दबते, तेव्हा हाताच्या मागच्या बाजूची संवेदना शाबूत राहते. मधुमेहातला बधिरपणा बहुधा पायांपासून सुरू होतो. कुष्ठरोग मात्र विसरून चालणार नाही. अल्नर नस ही त्याची आवडती जागा. कोपराच्या वर नस जाड लागत असेल, अंगावर न दुखणारा, बधिर, फिकट चट्टा असेल, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. लाजण्यासारखं त्यात काही नाही.

कोपराचं दुखणं सुरुवातीचं असेल तर रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपा, म्हणजे ते पूर्ण दुमडणार नाही. फोनला इअरफोन लावा. मानेतली नस दबलेलीही बहुतेकांची काही आठवड्यांत ते महिन्यांत ऑपरेशनशिवाय सुधारते. पण हात अचानक बधिर झाला आणि तोंड वाकडं किंवा बोलणं अडखळतं झालं, किंवा छातीत दुखत असेल, तर थेट इस्पितळ गाठा. चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा नसणं, एका डोळ्याची पापणी उतरणं यांसाठीही लगेच डॉक्टर.

मुंग्यांची जागा कायमच्या बधिरपणाने घेतली, शर्टाचं बटण लावताना बोटं ऐकेनाशी झाली, किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मागचा फुगीर स्नायू खोलगट दिसू लागला, तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा हाताचे सर्जन यांच्याकडे जाणं लांबवू नका. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते आणि कोपरापासून त्या स्नायूपर्यंत अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास असतं. म्हणजे तंतू तुटेपर्यंत वेळ गेली, तर ऑपरेशन उत्तम होऊनही ताकद परतायला वर्षभर लागू शकतं, आणि तोवर स्नायू फार सुकला असेल तर तो पूर्ववत होत नाही.