पार्श्वभूमी : नदीची जमीन माणसाची कशी झाली

मोठा पूर ओसरला की ‘नदीच्या जागेत घरं बांधलीच कशी?’ हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे, पण त्याचं उत्तर गेल्या वीस-तीस वर्षांतल्या बांधकाम परवान्यांपुरतं नाही. त्यासाठी निदान दोनशे वर्षं मागे जायला हवं.

त्याआधी पूरमैदानात, म्हणजे पुराचं पाणी पसरतं त्या नदीकाठच्या सपाट जमिनीवर, माणूस नव्हता, असं मुळीच नाही. शेतीची कितीतरी जुनी केंद्रं तिथेच वाढली. मात्र तिथली शेती पुरावरच उभी होती. इजिप्तमध्ये नाईलचं पाणी मातीच्या बांधांनी आखलेल्या विस्तीर्ण वाफ्यांत घेत आणि साधारण सहा आठवडे कोंडून ठेवत. गाळ बसला, जमीन खोलवर भिजली की पाणी सोडून देऊन गहू आणि जव पेरत. गावं उंचवट्यावर असत.

हंगेरीत तिसा नदीकाठची रीत मला याहूनही शहाणपणाची वाटते. पूर येतो तेव्हा नदी जाडाभरडा गाळ काठालगतच टाकते. त्यातून काठावरचा नैसर्गिक बांध, म्हणजे पूरतट, उंचावतो आणि मागची जमीन सखल राहते. लोकांनी या पूरतटाला जागोजागी वाटा पाडल्या होत्या. त्यांना तिथे ‘फोक’ म्हणत. चढतं पाणी फोकातून संथपणे आत शिरे, तळी भरे, कुरणं भिजवे आणि नदी उतरली की त्याच वाटेने परत जाई. एकाच जमिनीतून मासे, चारा, फळं आणि लाकूड मिळे.

एकोणिसाव्या शतकात हे सारं मोडलं. गव्हाला बाजार होता, जहाजांना सरळ मार्ग हवा होता आणि दलदलीतल्या हिवतापाने माणसं मरत होती. ही कारणं खोटी नव्हती, हे विसरून चालणार नाही. 1817 मध्ये योहान टुल्ला या अभियंत्याच्या आराखड्यानुसार वरच्या ऱ्हाइन नदीची वळणं कापायला सुरुवात झाली. नदी सुमारे 81 किलोमीटरने आखूड झाली. 1846 मध्ये पाल वाशारहेयी यांच्या योजनेनुसार तिसावर काम सुरू झालं. शंभराहून अधिक वळणं छाटली गेली, नदी 400 किलोमीटरहून जास्त आखूड झाली, दोन्ही काठांना बांध आले. ओली कुरणं नांगराखाली गेली.

पण पूर्वी मैलोन्मैल पसरणारं पाणी आता दोन बांधांच्या मध्ये चढू लागलं. मार्च 1879 मध्ये ते तिसाकाठच्या सेगेद शहरात शिरलं. 5,723 घरांपैकी जेमतेम 265 उभी राहिली. शहर नव्याने बांधायला युरोपभरातून मदत आली. तिथल्या वर्तुळमार्गाच्या भागांना आजही लंडन, पॅरिस, रोम अशी शहरांची नावं आहेत. बांध मात्र हटले नाहीत, ते आणखी उंच झाले.

अमेरिकेत मिसिसिपीवर हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली. 1850 च्या कायद्याने दलदलीच्या जमिनी राज्यांकडे गेल्या. त्या विकून बांध घालायचे आणि निचरा करायचा, अशी कल्पना होती. पुढे सरकारी अभियंत्यांनी सगळी भिस्त बांधांवरच ठेवली. 1927 मध्ये ते फुटले आणि सुमारे 70,000 चौरस किलोमीटर मुलूख पाण्याखाली गेला.

या इतिहासातलं कळीचं निरीक्षण गिल्बर्ट व्हाइट या अमेरिकी भूगोलज्ञाने 1945 मध्ये मांडलं. पूर निसर्गाचा असला, तरी पुराने होणारं नुकसान बहुतांशी माणसानेच ओढवून घेतलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. बांधामुळे लहान पूर दिसेनासे होतात. जमीन सुरक्षित मानली जाते, तिचा भाव चढतो. शेताच्या जागी गोदाम येतं, गोदामापाठोपाठ वस्ती. मग बांधाला न जुमानणारा पूर येतो, तेव्हा बुडायला पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त काही असतं. आणि इतकं बुडालं म्हणून पुढचा बांध आणखी उंच बांधला जातो.

गाळ वाहणाऱ्या नद्यांत आणखी एक पेच आहे. पूर्वी मैदानभर पसरणारा गाळ बांधांमध्ये अडकतो आणि पात्रच उंचावतं. नेपाळमधून बिहारमध्ये येणाऱ्या कोसी नदीवर 1950 च्या दशकात तटबंध उभे राहिले. शेकडो गावं दोन तटबंधांच्या मधोमध अडकली. ऑगस्ट 2008 मध्ये नेपाळमधल्या कुसहा इथे तटबंध फुटला, तोही नदीची पातळी विक्रमी नसताना. कोसी आपल्या जुन्या वाटेने निघाली. त्या वाटेवर आता शेतं आणि गावं होती. 30 लाखांहून अधिक लोकांना झळ बसली.

नाईलवर बांध फुटण्याचा प्रश्न उरला नाही. 1970 मध्ये आस्वानचं मोठं धरण पूर्ण झालं आणि मैदानात पूर येणंच थांबलं. गाळ धरणात राहिला, शेतं रासायनिक खतांवर आली.

नदीला जमीन परत देण्याचा विचार उशिरा, आणि धक्का बसल्यावरच आला. 1995 मध्ये नेदरलँड्समध्ये बांध फुटण्याच्या भीतीने सुमारे अडीच लाख लोकांना हलवावं लागलं. पुढे ‘नदीसाठी जागा’ या कार्यक्रमात तीसहून अधिक ठिकाणी कामं झाली. ओव्हरडीप इथल्या शेतकऱ्यांनी स्वतःच तोडगा सुचवला : नदीकडचा बांध उतरवायचा आणि घरं-गोठे मातीच्या उंचवट्यांवर न्यायचे. सरासरी 25 वर्षांतून एकदा पाणी शेतात येईल, हे त्यांनी मान्य केलं. पण उंचवटे सगळ्यांना पुरणारे नव्हते. काही कुटुंबं जागा सोडून गेली. नायमेखन शहरासमोरच्या लेंटमध्ये जमिनीवर आधीच वस्ती होती. तिथे बांध 350 मीटर मागे घ्यायला सुमारे 50 घरं पाडावी लागली.