डॉक्टर आणि वकील मंडळींनी बोर्ड करायला देण्याआधी

बोर्ड आम्ही करतो, पण तक्रार झाली तर नोटीस तुमच्या नावाने निघते. म्हणून मॅटर डिझाईनला घेण्याआधीच हे सांगतो.

ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना मेडिकल कौन्सिलची २००२ ची आचार-नियमावली लागू आहे. बोर्डावर नाव, मान्यताप्राप्त पदव्या, कशाचे तज्ज्ञ ते, कौन्सिलचं नाव आणि रजिस्ट्रेशन नंबर, एवढंच टाकायचं. फोटो बोर्डावर चालत नाही आणि लेटरहेडवरही नाही. अवाढव्य बोर्डही नको. सगळ्यात जास्त आग्रह होतो तो 'कोपऱ्यावरच्या मेडिकलवर एक छोटा बोर्ड मारून द्या' असा. तो करू नका. औषधाच्या दुकानावर, किंवा जिथे तुम्ही राहत नाही की बसत नाही तिथे बोर्ड लावणं नियमात बसत नाही. आपल्या सोलापुरात दवाखाना होटगी रोडला असेल तर सात रस्त्याला बोर्ड नको.

पेपरात मात्र दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, काही दिवस बंद राहील, पुन्हा सुरू होतोय, फी इतकी आहे, अशी साधी निवेदनं देता येतात. ती आम्ही आनंदाने करून देऊ. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला स्वतःच्या मोठ्या फोटोचा शुभेच्छा फ्लेक्स मात्र डॉक्टरांनी लावूच नये, असं आमचं मत आहे.

वकिलांना बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम ३६ आहे. बोर्ड बेताचा हवा. 'फौजदारी स्पेशालिस्ट', 'माजी न्यायाधीश', 'माजी अध्यक्ष, बार असोसिएशन' यातलं काहीच चालत नाही. पेपरातून वाटायची पत्रकं तर नाहीच. तशी ऑर्डर आम्ही घेत नाही. २००८ पासून वेबसाईटवर नाव, पत्ता, फोन, सनद नंबर, शिक्षण आणि कोणत्या प्रकारची कामं करता ते देता येतं. ही सवलत वेबसाईटची आहे, बोर्डाची नाही.

'मधुमेह मुळापासून बरा', 'कॅन्सरवर खात्रीचं औषध' असा मजकूर कुणीही आणला तरी आम्ही छापत नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातींवर बंदी आहे आणि छापणाराही त्यात येतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे असा बोर्ड वाचून कुणीतरी चालू गोळ्या बंद करतो.

मॅटर पाठवताना रजिस्ट्रेशनची किंवा सनदेची झेरॉक्स सोबत द्या, नंबर त्यावरूनच टाकतो. मराठीबरोबर कन्नड किंवा तेलुगू ओळ हवी असेल तर ती तुमच्याकडून तपासून घेतल्यावरच प्रिंटला जाते.