मामा की सासरा? प्राचीन चिनीतल्या नात्यांची पार्श्वभूमी

जुन्या चिनी ग्रंथात 'च्यिऊ' हा शब्द आला की अनुवादकाला थांबावंच लागतं. च्यिऊ म्हणजे मामा, आणि नवऱ्याचे वडीलही. तशीच 'कू' म्हणजे आत्या, आणि सासूसुद्धा. इ.स.पू. 3ऱ्या शतकाच्या आसपास आकाराला आलेल्या 'एर-या' या कोशात हे दोन्ही अर्थ नोंदलेले आहेत. त्यात नात्यांवर अख्खं प्रकरण आहे. बायकोचे वडील तिथे 'वाइ-च्यिऊ', म्हणजे बाहेरचा मामा. आतेभाऊ, मामेभाऊ, बायकोचा भाऊ आणि बहिणीचा नवरा, या चौघांना मिळून शब्द एकच, 'शंग'.

आतेमामे भावंडांची लग्नं होत असतील, तर हे कोडं सुटतं. मामाच्या मुलाशी लग्न झालं की सासरा मामाच, आत्याच्या मुलाशी झालं की सासू आत्याच. सासऱ्यांना 'मामंजी' आणि सासूला 'आत्याबाई' म्हणणाऱ्या सुना ज्यांनी पाहिल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. चिनी अभ्यासकही याच लग्नांकडे बोट दाखवतात. शब्द मात्र फार चिवट. 9व्या शतकातल्या एका तांगकालीन कवितेत नवी नवरी सकाळी च्यिऊ-कूंच्या पाया पडायला जाणार असते आणि हळूच नवऱ्याला विचारते, भुवया नीट रेखल्यात ना? इथे मामा-आत्या कुठेच नाहीत, फक्त सासू-सासरे.

त्याही मागे, इ.स.पू. 1200च्या सुमारास, शांग घराण्यातला राजा वू तिंग याच्या काळातल्या हाडांवरच्या लेखांत वडील आणि चुलते सगळेच 'फू', म्हणजे बाप. कुठला बाप ते 'फू'च्या पुढे जोडलेल्या वाराच्या नावावरून कळायचं. काका-चुलत्यांचे नेहमीचे शब्द नंतरचे, आणि ते आले थोरला, धाकटा अशा जन्मक्रमाच्या शब्दांतून.

व्याकरणाची गंमत तर कन्फ्यूशियसच्या 'फू फू, त्झ त्झ' या चार अक्षरांत पुरी दिसते. पहिला 'फू' नाम, दुसरा क्रियापद, आणि रूपात काडीचा फरक नाही. मराठीत 'बापाने बापासारखं वागावं, मुलाने मुलासारखं' असं लांबण लावावं लागतं. मला ते चार ठोके जास्त आवडतात.

पुढे च्यिऊ हा शब्द बायकोच्या भावालाही लागला. मानववंशशास्त्रज्ञ फंग हान-यी यांनी 1937 साली त्याचं कारण मांडलं: बाप मुलांच्या तोंडचं नाव घेतो. मेहुणा दारात आला की आपल्याकडेही 'अरे, मामा आला बघ' असंच म्हणतात.